सर्व्हरची प्रकृती कशी विचारावी?

वार्षिक तपासणीच्या दिवशी शाळेच्या प्रयोगशाळेतील डेडस्टॉक रजिस्टर टेबलावर येते. रजिस्टरात व्होल्टमीटर सहा, कपाटातही सहा. तपासनीस समाधानाने खूण करतात आणि पान उलटते. पुढे प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी असे दिसते की सहांपैकी दोन मीटरांचे काटे जागचे हलत नाहीत. रजिस्टर खोटे नव्हते. 'आहे का?' या प्रश्नाचे उत्तर त्याने बरोबर दिले होते. 'चालते का?' असे त्याला कोणी विचारलेच नव्हते.

हा लेख संगणकाच्या जगातील अशाच एका रजिस्टराविषयी आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे हस्तक, म्हणजे 'एजंट', आता मोबाइल फोनच्या आभासी प्रतिकृती स्वतः हाताळू लागले आहेत. ही हाताळणी ज्या सर्व्हरमार्फत होते तो धडधाकट आहे की नाही हे पाहण्यासाठी छोटी छोटी साधने लिहिली गेली आहेत. त्यांना 'हेल्थ चेक' म्हणजे प्रकृतितपासणी असे नाव आहे. आम्ही काही महिने ही साधने वापरीत आहोत. त्यांपैकी बरीच उपयोगी आहेत यात शंका नाही. परंतु त्यांच्यात एक दोष वारंवार आढळतो, आणि प्रयोगशाळेत उभे राहून शिकवणाऱ्या शिक्षकाला तो चटकन ओळखू येईल.

साखळी कशी असते?

प्रथम पात्रपरिचय करून घेऊ. एजंट प्रश्नाचे उत्तर देऊन थांबत नाही. त्याच्यावर काम सोपवले की तो त्याच्या पायऱ्या पाडतो आणि दिलेली साधने वापरून एकेक पायरी पार करतो. 'हे अ‍ॅप उघड, नाव भर, बटण दाब आणि नोंद झाली का ते सांग' असे त्याला सांगता येते.

हे काम खऱ्या फोनवर न करता बहुधा आभासी फोनवर करतात. आयफोनचा सिम्युलेटर अ‍ॅपलच्या मॅक संगणकावर चालतो. तो संगणकाचाच प्रोसेसर आणि स्मृती वापरतो. फोनच्या यंत्रभागांची नक्कल करीत नाही. अँड्रॉइडचा एम्युलेटर मात्र एक आख्खे आभासी यंत्र उभे करतो आणि त्यावर अँड्रॉइड प्रणाली सुरू करतो. दोन्हींत पडद्यावर फोनसारखा फोन दिसतो.

एजंटला हात नाहीत आणि डोळेही नाहीत. त्याच्या वतीने बटण दाबणारी आणि पडदा वाचणारी एक मधली आज्ञावली लागते. हाच स्वयंचालन सर्व्हर. एजंटने त्याच्याशी कोणत्या रीतीने बोलावे याचा एक सर्वमान्य होत चाललेला करार आहे. त्याचे नाव 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल'. अँथ्रॉपिक या कंपनीने तो नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वांसाठी खुला केला. पडदा 'वाचण्याच्या' दोन पद्धती आहेत: एक, पडद्याचे चित्र घेणे, दोन, पडद्यावरील बटणे, रकाने आणि मजकूर यांची यादी मागणे. ही दुसरी सोय मुळात अंध व्यक्तींसाठी पडदा वाचून दाखवणाऱ्या आज्ञावल्यांकरिता झाली. तिचाच लाभ आज एजंटांना होतो.

म्हणजे साखळी अशी झाली: एजंट, सर्व्हर, सर्व्हर आणि सिम्युलेटर यांना जोडणारा दुवा, सिम्युलेटर आणि शेवटी अ‍ॅप. कडी कोठेही निखळू शकते. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी एजंट प्रकृती विचारतो. सर्व्हर 'सर्व ठीक' म्हणतो आणि काम सुरू होते.

दोन बटणांची गोष्ट

आमच्या गटाने काही शाळांसाठी पर्जन्यमापकाच्या नोंदी ठेवणारे एक लहान अ‍ॅप तयार केले. विद्यार्थ्याने सकाळी मोजपात्रातील पाणी मोजायचे, आकडा लिहायचा आणि 'नोंद करा' हे बटण दाबायचे. इतके साधे अ‍ॅप. ते लहान पडद्याच्या फोनवर नीट दिसते का, हे पाहण्याचे काम आम्ही एजंटकडे दिले.

एजंटने रीतसर प्रकृती विचारली. उत्तर आले: सर्व्हर चालू, सिम्युलेटर चालू, लागणाऱ्या आज्ञावल्यांच्या आवृत्त्या योग्य, सर्व ठीक. मग त्याने पडद्यावरील घटकांची यादी मागितली. यादी रिकामी आली. एजंटने निष्कर्ष काढला की 'नोंद करा' हे बटण अ‍ॅपमध्ये नाही. त्याने अ‍ॅपची आज्ञावली उघडली आणि एक बटण घातले. पुन्हा यादी मागितली. पुन्हा रिकामी. अखेर त्याने अहवाल दिला: बटण नव्हते, ते घातले आहे, पडद्यावर ते अजून दिसत नसले तरी यादी ताजी होण्यास वेळ लागत असावा.

आमच्यापैकी एकाने सिम्युलेटरची खिडकी समोर आणून पाहिली. तेथे एकाखाली एक अशी 'नोंद करा'ची दोन बटणे होती. हे अ‍ॅप तसेच शाळांत गेले असते आणि मुलांनी दोन्ही बटणे दाबली असती, तर एकाच सकाळचा पाऊस दोनदा नोंदला गेला असता. वर्षाच्या शेवटी तो आकडा पाहून कोणी चकितही झाले असते.

घडले होते ते असे. आम्ही आधी एक सिम्युलेटर चालवत होतो. तो बंद करून लहान पडद्याचा दुसरा सुरू केला. सर्व्हर मात्र पहिल्या, आता बंद असलेल्या सिम्युलेटरशीच जोडलेला राहिला. प्रकृतितपासणीने 'एखादा सिम्युलेटर चालू आहे का?' असे विचारले. दुसरा चालूच होता, म्हणून उत्तर होकारार्थी आले. पडदा वाचण्याची विनंती पहिल्याकडे गेली. तेथून त्रुटीचा संदेश आला, तो मधल्या आज्ञावलीने गिळला आणि रिकामी यादी पुढे केली.

यातील प्रत्येक ओळ वेगळी घेतली तर खरी आहे. सर्व्हर चालू होता, सिम्युलेटर चालू होता, आवृत्त्या योग्य होत्या. तिन्ही खऱ्या वाक्यांची बेरीज मात्र खोटी निघाली. आम्हीही त्या बेरजेवर विश्वास ठेवला, हे येथे कबूल केले पाहिजे. प्रयोगशाळेत नवे उपकरण आले तर आम्ही ते ज्ञात नमुन्यावर तपासल्याशिवाय त्याचे वाचन लिहून घेत नाही. येथे ती सवय आम्ही गुंडाळून ठेवली, कारण साधनाचे नावच 'प्रकृतितपासणी' होते.

यादी, नाडी आणि स्थिती

आज प्रचारात असलेल्या तपासण्यांचे आम्ही तीन गट करतो. प्रत्येकाचे गुण आणि उणिवा पाहू.

पहिला गट यादी करणारा. या साधनांना आज्ञावलीकारांनी लाडाने 'डॉक्टर' असे नाव दिले आहे. 'ब्रू डॉक्टर', 'फ्लटर डॉक्टर', 'अ‍ॅपियम डॉक्टर' ही त्यांची उदाहरणे. अ‍ॅपियम हे मोबाइल अ‍ॅपच्या स्वयंचलित चाचणीचे खुले व सुप्रसिद्ध साधन आहे. त्याचा डॉक्टर जावा बसवले आहे का, अँड्रॉइडच्या विकाससंचाचा मार्ग नोंदवला आहे का, एक्सकोड आहे का, हे तपासतो. नव्या संगणकावर मांडामांड करताना अशा तपासणीने तासन् तास वाचतात, हा आमचा अनुभव आहे. अ‍ॅपियमने आणखी एक चांगले पाऊल उचलले. सर्वांसाठी एकच डॉक्टर ठेवण्याऐवजी अँड्रॉइड, आयफोन इत्यादींसाठी असलेल्या निरनिराळ्या ड्रायव्हरकडे आपापली तपासणी सोपवली. ज्याला काम करायचे आहे त्यालाच आपल्या गरजा ठाऊक असतात, हे तत्त्व योग्य आहे. तथापि हा डॉक्टर रुग्णाकडे पाहत नाही. घरात थर्मामीटर, बाम आणि गरम पाण्याची पिशवी आहे ना, इतके विचारून तो परत जातो. डेडस्टॉक रजिस्टर ते हेच.

दुसरा गट नाडी पाहणारा. याचा मूळपुरुष म्हणजे माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिलेली 'पिंग' ही आज्ञावली. दूरच्या संगणकाला हाक मारायची आणि ओ येते का ते पाहायचे. वर सांगितलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्येही 'पिंग' आहे. ज्याला विचारले त्याने तत्परतेने उत्तर द्यावे, आणि ते उत्तर रिकामे असावे, असा नियम आहे. रिकामे उत्तर ही येथे प्रामाणिक गोष्ट आहे. 'मी आहे' यापलीकडे त्याचा काही दावाच नाही. दोष पिंगचा नसून पिंगला ओ मिळाली म्हणून 'सर्व ठीक' असे छापणाऱ्याचा आहे.

याच गटात 'वेबड्रायव्हर' या मानकातील 'स्टेटस' ही चौकशी येते. हे मानक डब्ल्यू३सी संस्थेने जून २०१८ मध्ये शिफारस म्हणून प्रसिद्ध केले. स्टेटसच्या उत्तरात 'रेडी' असा एक होय किंवा नाही असा रकाना असतो. पुष्कळजण त्याचा अर्थ 'सर्व्हर सुस्थितीत आहे' असा घेतात. मानकातील अर्थ त्याहून बराच अरुंद आहे: नवे सत्र सुरू करता येईल का, एवढाच. एका वेळी एकच सत्र चालवणारा सर्व्हर कामात मग्न असेल तर तो 'नाही' म्हणेल आणि तरीही पूर्ण निरोगी असेल. उलट 'होय' म्हणणाऱ्या सर्व्हरमागचा पडदा काळाठिक्कर असू शकेल. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच प्रश्नाखाली लिहिले की असा घोटाळा होतो.

तिसरा गट स्थिती विचारणारा. अँड्रॉइडमध्ये 'एडीबी' नावाचा दुवा जोडलेल्या उपकरणांची यादी देतो आणि प्रत्येकापुढे त्याची स्थिती लिहितो. 'डिव्हाइस' असा शब्द आला की उपकरण जोडलेले आहे असे समजायचे. अँड्रॉइडच्या अधिकृत माहितीतच स्पष्ट लिहिले आहे की या शब्दावरून प्रणाली पूर्ण सुरू झाली असे मानू नये, कारण उपकरण सुरू होत असतानाच दुव्याला जोडले जाते. प्रणाली सुरू होऊन झाली का, हे सांगणारी खूण वेगळी आहे. आयफोनच्या सिम्युलेटरपुढेही 'बूटेड' असा शब्द येतो. सुरू होण्याची क्रिया पूर्ण होईपर्यंत वाट पाहण्यासाठी तेथेही वेगळी आज्ञा आहे. अनेक साधने ही वेगळी चौकशी टाळतात आणि पहिल्या शब्दावरच 'तयार' असा शिक्का मारतात. मुलगा फाटकातून आत आला म्हणून तो बाकावर बसला असे म्हणण्यासारखे हे आहे.

शेवटच्या टोकाची तपासणी

यावर कोणी म्हणेल की तिन्ही गटांतील सर्व तपासण्या एकत्र केल्या म्हणजे झाले. दुर्दैवाने तसे होत नाही, आणि याचा धडा संगणकशास्त्राने फार पूर्वी घेतलेला आहे.

एमआयटीमधील जेरोम साल्ट्झर, डेव्हिड रीड आणि डेव्हिड क्लार्क यांचा १९८४ साली नियतकालिकात प्रसिद्ध झालेला एक निबंध या विषयात पायाभूत मानला जातो. त्यात त्यांनी आपल्याच संस्थेतील एक प्रसंग सांगितला आहे. तेथे अनेक जाळी एकमेकांना जोडलेली होती. माहिती एका ठिकाणाहून पुढच्या ठिकाणी जाताना प्रत्येक टप्प्यावर तिची तपासणी होत असे. तेव्हा माहिती सुरक्षित पोहोचते असे सर्वांनी धरले होते. परंतु मधल्या एका संगणकात बिघाड झाला. आलेली माहिती आत घेऊन बाहेर पाठवण्यापूर्वी नक्कल करताना तो अधूनमधून शेजारच्या दोन बाइटांची अदलाबदल करीत असे. दहा लाख बाइटांमागे साधारण एकदा. टप्प्यांवरील तपासण्या तारेत झालेली चूक पकडत होत्या. ही चूक दोन टप्प्यांच्या मध्ये, संगणकाच्या पोटात होत होती. एका कार्यकारी प्रणालीच्या मूळ आज्ञावल्या त्या संगणकातून पुनःपुन्हा पाठवल्या गेल्या आणि बिघडल्या. शेवटी त्यांच्या मालकांना जुने छापील कागद काढून ओळीला ओळ ताडून दुरुस्ती करावी लागली.

त्यांचा निष्कर्ष असा की काम बरोबर झाले का, हे ज्याला ते काम हवे आहे त्याच्या टोकालाच खात्रीने तपासता येते. मधल्या तपासण्या काम जलद करतील, पण शेवटची तपासणी टाळू शकणार नाहीत. आमच्या साखळीतही हेच आहे. सर्व्हर, दुवा आणि सिम्युलेटर या तिघांनी आपापल्या जागी 'हजर' म्हटले, तरी त्यांची एकमेकांशी गाठ आहे का, हे कोणीच पाहिले नव्हते.

२०१७ साली मायक्रोसॉफ्टमधील संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या संगणककेंद्रांतील बिघाडांचा विचार करताना 'ग्रे फेल्युअर', म्हणजे करडा बिघाड, अशी संज्ञा मांडली. यंत्र सरळ बंद पडले तर ते लगेच कळते. करड्या बिघाडात तपासणाऱ्याला सर्व सुरळीत दिसते आणि वापरणाऱ्याचे काम अडलेले असते. बिघाडाची व्याख्याच त्यांनी या दोन दृष्टींमधील अंतरावर आधारली. आम्हाला हा विचार फार महत्त्वाचा वाटतो. तपासणी वापरणाऱ्याच्या जागेवरून केली नाही, तर ती करड्या बिघाडापुढे आंधळी राहते.

शून्य आणि रिकामी जागा

आमच्या प्रसंगातील दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. पावसाच्या नोंदवहीत एखाद्या दिवसापुढे शून्य असेल तर पाऊस पडला नाही असा अर्थ होतो. रकाना कोरा असेल तर मोजमापच झाले नाही असा होतो. नोंद ठेवणाऱ्या मुलांना पहिल्या दिवशी हाच धडा द्यावा लागतो. सुट्टीच्या दिवसांपुढे कोणी शून्ये लिहून टाकली, तर सरासरी बिघडते आणि मागाहून ती दुरुस्तही करता येत नाही, कारण खरी शून्ये आणि खोटी शून्ये सारखीच दिसतात.

मधल्या आज्ञावलीने नेमके हेच केले. 'पडदा वाचता आला नाही' या कोऱ्या रकान्याच्या जागी तिने 'पडद्यावर काही नाही' हे शून्य लिहिले. वास्तविक मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये साधनाने 'त्रुटी आली' असे सांगण्याची वेगळी सोय आहे. ती वापरली असती तर एजंट थांबला असता. प्रकृतितपासणीच्या उत्तरातही असाच तिसरा रकाना हवा. 'ठीक' आणि 'बिघडले' यांच्या जोडीला 'तपासता आले नाही' हे उत्तर नसेल, तर न तपासलेली प्रत्येक गोष्ट पहिल्या दोहोंपैकी एकात, आणि बहुधा 'ठीक' मध्ये, ढकलली जाते.

माणूस हे काम करीत असता तर हा दोष इतका महाग पडला नसता. माणसाच्या डोळ्यासमोर सिम्युलेटरची खिडकी असते. यादी रिकामी आली तर तो मान वर करून पाहतो. एजंटजवळ सर्व्हरने पाठवलेल्या मजकुराखेरीज दुसरे काही नसते. शिवाय 'सर्व ठीक' हे वाक्य त्याने कामाच्या आरंभी वाचलेले असते, आणि पुढचे प्रत्येक अनुमान त्यावर उभे राहते. साखळी निर्दोष असेल तर दोष अ‍ॅपचाच, हा त्याचा तर्क चुकीचा नव्हता. त्याला दिलेले गृहीतक चुकीचे होते. म्हणून एजंटसाठीची तपासणी माणसासाठीच्या तपासणीपेक्षा अधिक कडक असली पाहिजे. आज परिस्थिती उलट आहे. माणसांसाठी लिहिलेलीच यादी एजंटच्या हाती दिली जाते.

बरे करण्याची घाई

काही साधने बिघाड दिसताच सिम्युलेटर परत सुरू करतात आणि 'ठीक' म्हणून मोकळी होतात. येथेही जुना अनुभव कामी येतो. मोठ्या प्रमाणावर सर्व्हर सांभाळणारी 'कुबरनेटीस' ही प्रणाली गूगलने २०१४ साली खुली केली. तिच्यात तीन प्रश्न वेगळे ठेवले आहेत: सुरू होणे पूर्ण झाले का, जिवंत आहे का आणि काम घेण्यास तयार आहे का. 'जिवंत' या प्रश्नाला नकार आला तर परत सुरू करायचे. 'तयार' या प्रश्नाला नकार आला तर फक्त काम पाठवणे थांबवायचे. आणि पहिल्या प्रकारची तपासणी निष्काळजीपणे लिहिली तर एकामागून एक सर्व्हर कोसळू शकतात, असा इशाराही दिला आहे. सिम्युलेटरच्या साधनांनी हा भेद अजून पुरेसा आत्मसात केलेला नाही.

परत सुरू करणे वाईट नव्हे. १९९७ साली मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक मधूनमधून आपोआप परत सुरू होत असे. अडकलेले काम ओळखून संगणक परत सुरू करणारी पहारेकऱ्यासारखी व्यवस्था त्यात होती. तिने यान वाचवले. पण दोष सापडला तो पृथ्वीवरील प्रतिकृतीत तोच बिघाड पुन्हा घडवून आणि त्या वेळच्या तपशीलवार नोंदी वाचून. आपल्या साधनांनी परत सुरू करावे, पण तसे केल्याचे, का केल्याचे आणि त्यापूर्वी पडद्यावर काय होते ते लिहून ठेवावे. रुग्ण बरा झाला म्हणून केसपेपर फाडून टाकीत नाहीत.

मग तपासणी कशी असावी?

वीजतंत्री विजेच्या कामात एक शिस्त पाळतात. निऑनचा टेस्टर संशयित जागी लावण्याआधी तो वीज असलेल्या जागी लावून पाहतात. दिवा लागला की मग संशयित जागा तपासतात. तेथे दिवा लागला नाही, तर पुन्हा पहिल्या जागी लावून टेस्टर मधल्या काळात बिघडला नाही ना याची खात्री करतात. न लागलेल्या दिव्याचे दोन अर्थ असतात, आणि त्यांतला एक प्राणघातक असतो. प्रकृतितपासणीचे आदर्श उदाहरण आम्हाला येथे दिसते.

त्याच धर्तीवर आमची सूचना अशी. सर्व्हरबरोबर एक अगदी लहान नमुना-अ‍ॅप द्यावे: एक रकाना, एक बटण आणि मजकूर दाखवण्याची एक जागा. तपासणीने त्या क्षणी एक नवा चार अंकी आकडा निवडावा, तो रकान्यात भरावा, बटण दाबावे आणि पडद्यावरच्या यादीतून तो वाचून परत आणावा. आकडा जुळला तर सगळी साखळी, जाण्याच्या आणि येण्याच्या दोन्ही वाटांनी, एकदा तरी चालली हे निश्चित होते. आकडा दर वेळी नवा असल्याने जुना साठवलेला पडदा फसवू शकत नाही. उत्तरात सिम्युलेटरचा ओळखक्रमांक यावा आणि पुढील प्रत्येक कामाच्या उत्तरात तोच क्रमांक असावा. आमच्या प्रसंगात एवढ्या एका ओळीनेही चूक पकडली गेली असती. काय तपासले नाही, याचीही यादी उत्तरात असावी. उदाहरणार्थ, आयफोनच्या सिम्युलेटरमध्ये कॅमेरा नसतो. तेव्हा कॅमेऱ्याविषयी तपासणीने मौन न पाळता तसे सांगावे.

आणखी एक अट आहे. तपासणीला नापास करता आले पाहिजे. सिम्युलेटर मुद्दाम बंद करावा, दुवा तोडावा आणि मग प्रकृती विचारावी. तरीही 'सर्व ठीक' असे उत्तर आले, तर ते साधन तपासणी करीतच नाही. जी परीक्षा सर्वांना उत्तीर्ण करते तिच्या निकालातून काहीच कळत नाही, हे शिक्षकांना आम्ही सांगायला नको.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला वेळेचा: यादी क्षणात होते, ही तपासणी काही सेकंद घेईल. खरे आहे. म्हणून ती कामाच्या आरंभी, सिम्युलेटर बदलल्यावर आणि अनपेक्षित उत्तर आल्यावर करावी. एरवी नाडी पाहिली तरी चालेल. रिकामी यादी हे असेच एक अनपेक्षित उत्तर आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नमुना-अ‍ॅप चालले म्हणून आपले अ‍ॅप चालेल असे कोठे आहे? तसे मुळीच नाही. नमुना-अ‍ॅपमधून एवढेच कळते की साखळी अ‍ॅपच्या दारापर्यंत शाबूत आहे. त्यानंतर बटण सापडले नाही, तर दोष अ‍ॅपमध्ये शोधायला आधार मिळतो. ज्ञात नमुन्यावर उपकरण तपासण्याचा हेतूही एवढाच असतो.

वर्गात करून पाहण्यासारखे

यासाठी ना सर्व्हर लागतो ना सिम्युलेटर. दीड व्होल्टचा सेल, लहान बल्ब आणि दोन तारा यांचा वाहकतपासक आपण करतोच. वर्गाचे चार गट करावेत. प्रत्येक गटाला एक तपासक आणि खिळा, खोडरबर, नाणे, पेन्सिलीचे शिसे, काडी अशा वस्तू द्याव्यात. एका गटाच्या तपासकात गुपचूप उडालेला बल्ब बसवावा. कोणत्या वस्तू वाहक आहेत याचा तक्ता भरायला सांगावे.

त्या गटाच्या तक्त्यात सर्व वस्तूंपुढे 'वाहक नाही' असे येईल. तक्ता नीटनेटका असेल, एकही रकाना रिकामा नसेल. काही गट खिळ्यापाशी अडखळेल आणि कुरकुर करेल. काही गट निमूट लिहून मोकळा होईल. मग एकच प्रश्न विचारावा: वस्तू तपासण्याआधी तपासक कसा तपासायचा? कोणी सांगेल की दोन्ही तारा एकमेकींना टेकवून पाहू. तसे सांगणाऱ्या मुलाला पुढे विचारावे की शेवटी पुन्हा टेकवून पाहायची गरज आहे का, आणि का.

हीच मुले उद्या एजंटांकडून कामे करून घेणार आहेत, आणि त्यांच्या समोर 'सर्व ठीक' अशी हिरवी खूण दिवसातून शंभरदा येणार आहे. तिच्याकडे पाहून 'कशावरून?' असे विचारण्याची सवय त्यांना या बल्बपासून लागू शकेल. हा प्रयोग आपल्या वर्गात करून पाहावा आणि मुलांनी दिलेली उत्तरे आम्हाला जरूर कळवावीत.